नसीमबाईंचं मचाण

नसीमबाईंना मी पहिल्यांदा बघितलं नाही, ऐकलं.

माझ्या बाबांची बदली आलापल्लीला वनविभागाच्या ऑफिसात झाली आणि आम्ही चंद्रपूरहून सामान हलवलं. त्या गडबडीत माझं टेबल तिकडेच राहिलं. आलापल्लीसारख्या सागाच्या गावात राहून प्लायवूडचं टेबल घेतलं तर लोक हसतील, असं शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून आई मला घेऊन यासीनभाऊंच्या फर्निचरच्या दुकानात गेली. यासीनभाऊ सागाच्या फळीवरून हात फिरवत आईला लाकडातल्या रेषा दाखवत होते, आणि मागच्या पडद्याआडून आवाज येत होते.

"बोला."

"सात."

मग एकदम शांतता. टक.

"सात आहे. पुढं बोला."

"आठ." "नऊ." "आठ."

टक.

"आठ. ज्यायनं नऊ म्हटलं त्यायनं काऊन म्हटलं ते सांगा."

मला वाटलं, आत बायकांची हाउजी चालली आहे. यासीनभाऊंना विचारलं तर ते म्हणाले, "हाउजी नाई बेटा. माझी आपा आहे. कम्प्युटरची क्लास घेऊन राह्यली. दिवसभर असेच ओरडतात. गिऱ्हाईक घाबरते माझं."

मी पडदा सरकवला. आत जुने कम्प्युटर, पण प्रत्येकाखाली सागाचं असं टेबल की चार माणसांशिवाय हलणार नाही. डोक्यावर पांढरी ओढणी घेतलेल्या एक बाई खुर्चीत बसलेल्या. त्यांनी वळूनही बघितलं नाही.

"आत ये, नाई त पडदा सोड. पॉलिशचा वास येते."

मी आत गेले आणि का कोण जाणे, म्हणाले, "मी इंजिनियर आहे."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "पंखा बंद पडला आहे."

"नाही, म्हणजे कम्प्युटर इंजिनियर."

"मंग बस. पंखा राहू दे."

अशी आमची ओळख झाली. आज बाईंच्या साठीनिमित्त आम्ही विद्यार्थी हा गौरवग्रंथ काढतो आहोत आणि त्यात मला लिहायला सांगितलं आहे. माझं शिक्षण सगळं इंग्रजी माध्यमातलं, त्यामुळे गौरवलेखात शोभतील असे मोठे शब्द माझ्याकडे नाहीत. जसं बोलते तसं लिहिते. बाईंनाही तसंच चालतं.

बाईंच्या क्लासमध्ये ज्यांनी पाऊल ठेवलं नाही त्यांच्यासाठी आधी सांगते की तिथे चालतं काय. प्रोग्राम म्हणजे मशीनला दिलेल्या सूचना, एकाखाली एक. त्या आपण एडिटरमध्ये लिहितो, जशी साधी वही असते तसा एडिटर. प्रोग्राम चुकला की बहुतेक लोक काय करतात? मीही हेच करायचे. डोळे फाडून सगळ्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचायच्या, मग काहीतरी बदलायचं, चालवून बघायचं, मग दुसरं काहीतरी बदलायचं. बाईंची रीत वेगळी. एडिटरमध्ये संशय असलेल्या ओळीवर लाल ठिपका ठेवायचा. प्रोग्राम त्या ओळीपाशी येऊन थांबतो. बाजूला एक चौकट असते. तिच्यात तुम्ही निवडलेली व्हेरिएबल्स, म्हणजे प्रोग्राम ज्या डब्यांमध्ये किमती ठेवतो ते डबे, आणि त्या क्षणी त्यात काय आहे ते दिसतं. एक कळ दाबली की प्रोग्राम एकच ओळ पुढे जातो. डब्यातली किंमत बदलली की लगेच दिसते.

हे सगळं जगात सगळीकडे आहे. बाईंचं स्वतःचं काय, तर कळ दाबायच्या आधी बोलायचं. पुढची ओळ चालल्यावर या डब्यात काय येणार, ते मोठ्याने सांगायचं. सगळ्यांनी. मगच कळ. मी ऐकलेली हाउजी ती हीच.

"आधी बोला, मग बघा," बाई म्हणतात. "आधी पाह्यलं त सगळ्यायलेच वाटते, मले माहीतच होतं."

मला हे सुरुवातीला फार बालिश वाटलं. चार वर्षं इंजिनियरिंग केलेली मुलगी, आणि मोठ्याने "सात" म्हणायचं? पण पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की मी मनात जे आहे असं समजत होते ते मनात नव्हतंच. तोंडाने बोलायची वेळ आली की कळायचं, इथे आपल्याला खरंच काही माहीत नाही. बाईंना चुकीचं उत्तर चालतं. चुकीच्या उत्तरावर त्या खूश होतात, कारण तिथेच काहीतरी सापडणार असतं. त्यांना चालत नाही ते पुटपुटणं.

आणि नावं. माझ्या पहिल्या प्रोग्राममध्ये माझ्या व्हेरिएबल्सची नावं एक्स, टेम्प आणि टेम्प टू होती. बाईंनी बघितलं आणि अगदी काळजीने विचारलं, "हा टेम्प कोण?"

"बाई, तात्पुरता आहे तो."

"तात्पुरता असला म्हणून काय झालं, त्याचं बारसं नाई केलं काय कोणी? आन हा दुसरा त्याचा भाऊ?"

सगळा क्लास हसला. माझ्या शेजारी देवू बसायचा. एटापल्लीच्याही पुढच्या गावचा, माडिया गोंड घरचा, दिवसातून मोजकं बोलणारा. त्याने स्वतःच्या स्क्रीनकडे बोट दाखवलं. त्याच्या प्रोग्रामात पाण्याच्या व्हेरिएबलचं नाव 'एर' होतं. गोंडीत एर म्हणजे पाणी. बाईंनीच त्याला सांगितलं होतं, ज्या शब्दाने आईला कळेल तो शब्द ठेव, मग रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी त्यात काय आहे ते तुला सांगता येईल. त्या दिवशी मी टेम्पचं बारसं केलं. तेव्हापासून आजपर्यंत माझ्या प्रोग्रामात एकही टेम्प जन्मला नाही.

त्या बाजूच्या चौकटीला एडिटरमध्ये इंग्रजी नाव आहे. आमच्या क्लासमध्ये तिचं नाव मचाण. हे नाव बाईंचं. इकडे धानाच्या शेतात चार खांबांवर मचाण बांधतात आणि रानडुकरांपासून पीक राखायला त्यावर बसतात, हे इथल्या पोराटोरांना सांगावं लागत नाही. एकदा आमच्यापैकी कोणीतरी प्रोग्राम चुकला म्हणून सगळ्या ओळी तिसऱ्यांदा वाचत होतं. बाई म्हणाल्या, "डुक्कर धरायसाठी सगळं जंगल हिंडतं काय? जिथी धान खाल्लं तिथी मचाण बांध आन बस. येते तो आपोआप." आणि लगेच दुसरं वाक्य, जे मला आजही कामात रोज उपयोगी पडतं: "आन एका मचाणावरून एकच बांधी राख. दहा ठिकाणी नजर ठेवशील त दहाही ठिकाणचं धान जाईल." बांधी म्हणजे धानाचा एक तुकडा, बांध घातलेला.

बाई कुठल्या कॉलेजात हे शिकल्या, असं लोक विचारतात. कुठल्याच नाही. बाईंचे वडील सुतार. लहानपण रंध्याच्या भुशात गेलं. बारावीनंतर त्या टायपिंग शिकल्या, मराठी आणि इंग्रजी, आणि मग याच खोलीत त्यांनी टायपिंगचे वर्ग सुरू केले. टाइपरायटर गेले, कम्प्युटर आले. बाकीच्यांनी दुकानं बंद केली. बाईंनी एक जुना कम्प्युटर घेतला, त्याच्यासोबत आलेली पुस्तकं वाचली, आणि जे पुस्तकात लिहिलं आहे ते मशीन खरंच करते का, हे एकेक ओळ चालवून बघितलं. म्हणजे त्यांनी स्वतःला शिकवलं तेही आधी बोलून, मग बघून. त्या सांगतात की घरात एकट्याच मोठ्याने आकडे बोलायच्या, आणि यासीनभाऊंनी त्यांच्या अम्मींना जाऊन विचारलं होतं की आपाची तब्येत बरी आहे ना. टायपिंगची एक सवय मात्र राहिली. बाई कीबोर्डकडे कधीच बघत नाहीत. आम्ही बघितलं तर आमच्या बोटांवर रुमाल टाकतात.

बाई प्रेमळ आहेत असं लिहिलं तर त्यांना राग येईल. म्हणून फक्त घडलेलं सांगते.

देवूची एटापल्लीची शेवटची बस चुकायची. मुद्दाम नाही, प्रोग्राम अर्धा सोडून त्याला उठवत नसे. बाईंनी त्याला कधी घड्याळ दाखवलं नाही. त्यांनी यासीनभाऊंना सांगून दुकानातला एक नवा दिवाण विकायचा थांबवला. गिऱ्हाईक आलं की यासीनभाऊ म्हणायचे, "तो बुक आहे." कोणासाठी, ते सांगायचे नाहीत. ईदला शीरखुर्म्याचा पहिला वाडगा देवूला, कारण बाईंच्या मते तो वाळून चालला आहे. त्यावर देवू म्हणाला होता, "बाई, तुमच्या क्लासातला चहा पिऊन वाळलो." चहाबद्दल तो खरं बोलला. बाईंच्या हातचा चहा हा या गौरवलेखाचा विषय होऊ शकत नाही.

आणि माझी नोकरी. नागपूरच्या एका कंपनीची मुलाखत व्हिडिओवर होती. आमच्या क्वार्टरमध्ये नेटवर्क पावसाच्या मनावर चालायचं, म्हणून बाईंनी त्या सकाळी क्लास बंद ठेवून खोली मला दिली. सगळा क्लास बाहेर दुकानात दिवाणांवर बसला. यासीनभाऊंनी कामगारांना रंधा बंद ठेवायला सांगितला. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी एक चुकलेला प्रोग्राम दिला आणि म्हणाल्या, शोधा. मी लाल ठिपका ठेवला, एकच व्हेरिएबल मचाणावर घेतलं आणि सवयीने मोठ्याने म्हणाले, "आता इथे बारा यायला पाहिजे." कळ दाबली. अकरा आले. पडद्यामागून कोणीतरी "च्च" केलं.

"तुम्हाला बोलायची गरज नाही," मॅडम म्हणाल्या.

"मला आहे," मी म्हणाले. "बोलले नसते तर हे अकरा मला बरोबर वाटले असते."

त्यावर त्या म्हणाल्या, "बोला, बोला." नोकरी मिळाली, घरून काम करायची. मी पेढे घेऊन गेले तर बाई म्हणाल्या, "पेढे ठेव तिथी. इंजिनियर झाली ना आता पक्की? मंग पंखा पाह्य."

मी संध्याकाळी नवीन मुलांना शिकवायला क्लासमध्ये जातच राहिले. आणि मग मागच्या वर्षीची ती गोष्ट झाली, जिच्यासाठी खरं म्हणजे मी हा लेख लिहिते आहे.

बाई आम्हाला म्हणायला लागल्या, "काय आलं ते तू वाच." आधी किंमत त्या स्वतः वाचून सांगायच्या. आम्हाला वाटलं, शिकवायची काही नवीन पद्धत काढली. मग एक दिवस त्यांनी चहाचा पेला टेबलावर ठेवला आणि तो टेबलावर नव्हताच. यासीनभाऊ त्यांना चंद्रपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, जेवढी नजर गेली ती परत येत नाही. थेंब नियमाने टाकले तर उरलेली टिकवता येईल.

परत आल्यावर बाईंनी क्लासला एखाद्या चुकलेल्या प्रोग्रामची माहिती द्यावी तसं सांगितलं. "डाव्या डोळ्याचं काम जवळपास संपलं. उजव्यातून बोगद्यातून पाह्यल्यासारखं दिसते. स्क्रीनवरचे अक्षर पकडता पकडता सुटतात. मंडई झाली की क्लास बंद."

मंडई म्हणजे दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत गावोगावी भरणारी जत्रा. म्हणजे फार दिवस नव्हते.

मी म्हणाले, "बाई, आम्ही आहोत ना, आम्ही शिकवू."

"तुम्ही शिकवा ना. तुमच्या घरी शिकवा," बाई म्हणाल्या. "माझ्या नावानं क्लास चालते, आन मलेच दिसत नाई त मी अंदाजानं शिकवू? लेकरायले म्हणते आधी बोला मंग पाह्या. आन मी पाहूच शकत नाई त कोणत्या तोंडानं म्हणू?"

त्यांच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. बाईंनी आम्हाला तसंच तर घडवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या आत यायच्या बंद झाल्या. बाहेर यासीनभाऊंच्या दुकानात स्टुलावर बसायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायच्या, आणि पडद्यामागे आम्ही "सात" म्हटलं की गप्प व्हायच्या.

त्याच दिवसांत दौलतभाऊ आले. दौलतभाऊ चामोर्शीकडच्या एका नाटक मंडळाचे व्यवस्थापक. आमच्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंत गावागावांत रात्रभर नाटकं होतात आणि एकच कलाकार हंगामात कितीतरी गावांत काम करतो. कोणत्या दिवशी कोण मोकळं आहे हे ध्यानात ठेवता ठेवता दौलतभाऊंचा जीव जायचा. म्हणून देवूने आणि मी त्यांना एक छोटा प्रोग्राम करून दिला होता. गाव आणि तारीख टाका, प्रोग्राम सांगेल कोण मोकळं आहे.

दौलतभाऊ दुकानात शिरले ते हसत हसतच. "काहो बाई, तुमच्या पोट्ट्यायनं जादू केली. आमची हिरोईन एकाच रात्री दोन गावात उभी आहे."

"काय म्हणता?" बाई म्हणाल्या.

"प्रोग्राम म्हणते मोकळी आहे, दुसरं गाव द्या. एका गावात ती रडंल आन दुसऱ्या गावात लोक रडतील. अजून त्या गावाले शब्द नाई दिला म्हणून बरं. परवा द्या लागते."

बाईंनी पडद्याकडे तोंड करून आवाज दिला, "ऐकलं काय रे? दुरुस्त करून द्या दौलतभाऊले." आणि स्टुलावरच बसून राहिल्या.

देवू आणि मी बसलो. आणि बाई नव्हत्या म्हणून आम्ही नेमकं तेच केलं जे त्यांनी करू नका सांगितलं होतं. लाल ठिपके सगळीकडे, आणि मचाणावर एकूण एक व्हेरिएबल. चौकट वरपासून खालपर्यंत भरली. जी किंमत बघावी ती बरोबर वाटत होती. दौलतभाऊ मागे उभे राहून दर मिनिटाला विचारायचे, "दिसलं काय?" काही दिसत नव्हतं.

तेव्हा देवू उठला आणि बाहेर गेला. मी पडदा बाजूला करून बघत होते.

"बाई, आत या."

"मी येऊन काय करू? मले दिसते काय?"

"बाई, तुम्ही मचाणावर बसल्या काय कधी?"

"नाई. माझा बाप सुतार होता. आमाले शेत कुठी होतं?"

"मी बसलो," देवू म्हणाला. मी त्याला एका वेळी एवढं बोलताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "रात्री मचाणावरून काहीच दिसत नाई. चांगले डोळे असले तरी नाई दिसत. धानातून आवाज येते, त्याच्यावरून समजते डुक्कर कोणत्या बांधीत शिरलं. तुम्ही आमाले इतके दिवस मचाणावर बसून पाह्या म्हणून राह्यल्या. पण मचाण त ऐकाचीच जागा आहे. आमी बोलतो, तुमी ऐका."

यासीनभाऊ सँडपेपर घासायचे थांबले. "जा ना आपा," ते म्हणाले. "नाई त हा इथीच उभा राहीन, गिऱ्हाइकाच्या रस्त्यात."

बाई उठल्या. देवूने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. आत येऊन त्यांनी खुर्ची उचलून उलटी फिरवली आणि स्क्रीनकडे पाठ करून, पडद्याकडे तोंड करून बसल्या.

"मचाणावर किती चढवले?"

मी सांगितलं, सगळे.

"उतरवा. हिरोईन मोकळी केव्हा होते, तो एकच ठेवा. बोला."

देवू कळ दाबत होता, मी बोलत होते. नाटक चौदा तारखेचं. सुरुवात रात्री दहाला, मशीनच्या हिशेबात बावीस. नाटक चालतं सात तास.

"आता मोकळी केव्हा? आधी बोला."

"एकोणतीस."

टक. "एकोणतीस आहे."

"पुढची ओळ काय म्हणते?"

"चोविसाच्या वर गेलं तर चोवीस वजा कर."

"मंग बोला."

"पाच."

टक. "पाच आहे, बाई."

"बरोबरच आहे ना," दौलतभाऊ मागून म्हणाले. "पहाटे पाचलेच उठते आमचं नाटक."

बाईंनी विचारलं, "कोणत्या तारखेचे पाच?"

"चौदाचे," दौलतभाऊ म्हणाले. "चौदाचं नाटक आहे ना."

"चौदाचे," मीही म्हणाले.

"मी तुमाले नाई, मशीनले विचारून राह्यली. देवू, आता तारीख मचाणावर घे. पुन्हा चालव."

देवूने पुन्हा चालवलं. तारीख चौदा. चौदा. बावीसचे एकोणतीस झाले, तरी चौदा. एकोणतीसचे पाच झाले, तरी चौदा. शेवटचं "चौदा" म्हणताना माझा आवाज मलाच वेगळा ऐकू आला.

बाई पडद्याकडे बघत हसायला लागल्या. "म्हणजे तुमची हिरोईन चौदा तारखेच्या पहाटे पाचले मोकळी झाली, आन चौदाच्याच रात्री दहाले नाटकात उभी राह्यली. नाटक व्हायच्या आधीच घरी जाऊन झोपली, बाप्पा. मशीन काऊन नाई म्हणन मोकळी आहे?"

दौलतभाऊंना पटेना. "पण बाई, नाटक उठेपर्यंत तारीख बदलतच नाई ना. पहाटे चहा पेताना बी लोक चौदाचंच नाटक म्हणतात."

"तुमची नाई बदलत. मशीनची बाराले बदलते. मशीन नाटक पाहाले येत नाई, दौलतभाऊ."

चूक एवढीच होती. आणि ती आमच्या झाडीपट्टीतलाच माणूस करू शकतो. जन्मभर आम्ही रात्रभर जागून नाटकं बघितली, उजाडताना अंगावर चादर घेऊन घरी आलो आणि ते नाटक कालचंच म्हटलं. आमच्या डोक्यातली तारीख पडदा पडला की बदलते. तेच आम्ही प्रोग्रामात लिहून बसलो होतो, आणि म्हणून स्क्रीनवरचा पाच हा आकडा आम्हाला बरोबर दिसत होता. दिसत होता तोच घोटाळा. बाईंनी तो फक्त ऐकला.

देवूने चोवीस वजा करायच्या ओळीखाली एक ओळ लिहिली, तारखेत एक मिळव.

"बोला," बाई म्हणाल्या.

यावेळी दौलतभाऊसुद्धा बोलले. "पंधरा."

टक. पंधरा.

दौलतभाऊंनी लगेच दुसरं गाव टाकून बघितलं. प्रोग्राम म्हणाला, मोकळी नाही. कोणी मोकळं नाही हे ऐकून एवढा खूश झालेला व्यवस्थापक मी पुन्हा बघितला नाही.

ते गेल्यावर खोलीत आम्ही तिघंच होतो. क्लास खरंच बंद करणार का, हे मला विचारायचं होतं, पण धीर होत नव्हता. मंडईला थोडेच दिवस उरले होते. बाई तशाच बसून होत्या, उलट्या खुर्चीत.

"खुर्ची सरळ करू का?" मी विचारलं.

"काऊन? राहू दे अशीच," बाई म्हणाल्या. "उद्या नवीन लेकरं येतील त्यायले सांग, इथी पुटपुटलेलं चालत नाई. मले ऐकू आलं पायजे." आणि मग, "आन पडदा नीट लाव. पॉलिशचा वास येते."

मंडई झाली, होळी झाली. क्लास चालू आहे. बाई रोज स्क्रीनकडे पाठ करून बसतात आणि कोण अंदाजाने बोलतंय, कोण समजून बोलतंय, हे त्यांना आवाजावरून कळतं. नवीन मुलांना वाटतं की प्रोग्रामिंगचे क्लास सगळीकडे असेच असतात, शिक्षकांची पाठ स्क्रीनकडे. आम्ही त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही. देवू आता सकाळची तुकडी शिकवतो, अर्धी गोंडीत. आणि त्या हिवाळ्यात दौलतभाऊंची हिरोईन एका रात्री एकाच गावात रडली.

बाई, आता थेट तुमच्याशी बोलते. हा ग्रंथ तुम्हाला देवू वाचून दाखवणार आहे हे मला माहीत आहे. आणि तुम्ही त्याला दर परिच्छेदाला थांबवून म्हणणार, "पुढं काय येणार, बोल," हेही माहीत आहे. गौरवलेखाच्या शेवटी लोक दीर्घायुष्य आणि आरोग्य मागतात. मलाही तेच मागायचं आहे, पण मागणं ही आपल्या क्लासची रीत नाही. आपल्याकडे कळ दाबायच्या आधी किंमत बोलतात. तर मी बोलते, मोठ्याने, न पुटपुटता.

तुमच्या पंच्याहत्तरीला याच खोलीत, याच उलट्या खुर्चीत तुम्ही बसलेल्या असाल. उजवा डोळा आज जेवढं दाखवतो तेवढं तेव्हाही दाखवत असेल. (देवू, वाचन थांबव, संध्याकाळचे थेंब राहिले असतील.) कान आजच्यापेक्षा तिखट असतील. पडद्याबाहेर एखादी मुलगी टेबल घ्यायला आलेली असेल आणि तिला वाटेल, आत हाउजी चालली आहे. चहा असाच असेल. पंखा चालू असेल, हे मात्र मी जरा धाडसाने बोलते आहे.

यातलं एखादं चुकलं तर का चुकलं ते आपण सगळे मिळून शोधू, तुम्ही आहातच.

माझं बोलून झालं, बाई. देवू, कळ दाब.

केतकी